विनोदिनीबाईंची तार

उज्जैनला देवास गेटजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर विनोदिनी कानडे यांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघत होते, तरी बाईंच्या अकरा मशिनींची खडखड सकाळी सातपासून सुरू असायची.

१९९१ साली माधव नगरातले निवृत्त प्राध्यापक प्रभाकरराव एक कागद घेऊन जिना चढून आले. नुसतं बोलल्या-लिहिल्याबद्दल तुरुंगात टाकलेल्या माणसांसाठी त्या त्या सरकारांना पत्रं लिहिणारी एक परदेशी संस्था होती. जगभर तिचे लहान लहान गट होते. उज्जैनचा गट म्हणजे प्रभाकरराव आणि आणखी चौघं. त्यांना इंग्रजी टाइप करणारं कुणी हवं होतं.

पहिलंच पत्र परदेशात तुरुंगात टाकलेल्या एका नर्ससाठी होतं. त्याचा मायना वाचून बाई भडकल्या. “ज्यानं त्या बिचाऱ्या नर्सला डांबलंय, त्यालाच ‘महामहिम’ म्हणायचं?”

“म्हणायचं,” प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. “शिवी दिली की पत्र केराच्या टोपलीत. नाव, तारीख, कायदा. बस.”

बाईंना ते पटलं आणि मग नादच लागला. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या मानवी हक्कांची तीस कलमं त्यांनी क्लासला सरावासाठी लावून टाकली. रजेचे अर्ज टाइप करून कंटाळलेल्या मुली आता ‘कुणालाही मनमानी अटक करता येणार नाही’ हे दहा-दहा वेळा टाइप करू लागल्या.

१९९४च्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, त्यांतलीच मीरा जोशी रडत आली. तिचा भाऊ सुमीत नानाखेड्याला एसटीडी बूथवर बसायचा. बूथसमोरून स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलीस त्याला मंगळवारी सकाळी दहाला घेऊन गेले होते. “ताई, आईला भेटूसुद्धा देत नाहीत!”

बाई तिला घेऊन थेट प्रभाकररावांकडे. ते म्हणाले, “संस्थेचा नियम आहे, आपल्याच देशातल्या प्रकरणावर गटानं लिहायचं नाही.”

“गटानं ना? विनोदिनी कानडेनं लिहिलं तर?”

प्रभाकरराव हसले. “मग कोण अडवणार? आणि दिल्लीत आता आपला मानवाधिकार आयोग बसलाय, चारच महिने झालेत. थांबा, पत्ता देतो.”

बाईंनी तार लिहिली. नाव, वय, किती वाजता नेलं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं नाही. एक शब्द रागाचा नाही. एक तार दिल्लीला, एक कलेक्टरला. पावत्या पर्समध्ये टाकल्या आणि टाइप केलेली प्रत घेऊन मीरासोबत त्या चौकीवर गेल्या.

“मॅडम, पूछताछ चल रही है,” ठाणेदार मान वर न करता म्हणाला.

“महोदय, पूछताछ चौबीस घंटे. अब पचास हो गए.” त्यांनी प्रत टेबलावर ठेवली.

त्यानं ती वाचली. पुन्हा वाचली. “दिल्ली भेज दिया?”

“जी. रसीद दिखाऊँ?”

ठाणेदार उठून आत गेला. दीड तासानं सुमीत बाहेर आला, लंगडत, डावा हात छातीशी धरून. गुन्ह्याची नोंदच नव्हती. मीरानं त्याला मिठी मारली. बाईंनी मात्र दोघांना रिक्षात घालून आधी डॉक्टरकडे नेलं, दाखला घेतला आणि क्लासवर आणून त्याचा जबाब शब्दन् शब्द टाइप केला.

जूनमध्ये आयोगाचं पत्र आलं: तक्रार नोंदली आहे, पोलिसांकडून अहवाल मागवला आहे. बाईंनी ते साऱ्या क्लासला मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढं दीड वर्ष कागद फिरले आणि शेवटी एका हवालदाराची बदली झाली, तेवढंच. तारेमुळे सुमीत सुटला की ठाणेदारालाच उपरती झाली, तेही कुणी कधी सांगितलं नाही.

पण तो गुरुवार बाईंचाच होता. त्या संध्याकाळी त्यांचे यजमान अनिलराव बँकेतून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “विनू, भीती नाही वाटली तुला?”

“वाटली ना!” बाई म्हणाल्या. “पण अहो, त्या ठाणेदाराचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही!”

पुढच्याच सोमवारी नानाखेड्याची एक बाई पत्ता विचारत जिना चढून वर आली. तिच्या नवऱ्याला उचलून चार दिवस झाले होते. विनोदिनीबाईंनी मशीनवर कोरा कागद चढवला आणि विचारलं, “नाव सांगा. आणि किती वाजता नेलं, ते आठवून सांगा.”