बडोद्याहून उत्रोलीला

दादा, वहिनी आणि माझ्यासारख्याच भोर सोडून लांब गेलेल्या मैत्रिणींनो,

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये लेकीला, ऋतुजाला, दादाच्या घरी, उत्रोलीत सोडलं आणि भोरच्या स्टँडवरून मी एकटीच परतीच्या एसटीत बसले. लग्नानंतर तिथूनच बडोद्याला निघाले होते, तेव्हा आमचे वडील, अण्णा, खिडकीपाशी येऊन म्हणाले होते, "डाव्या अंगाला बस, ऊन न्हाई लागायचं." आता अण्णा नव्हते, आणि मला जागा बघायचं भान नव्हतं. नसरापूर गेलं तरी मी उन्हातच.

हे सगळं ठरवलं होतं चौदा वर्षांच्या ऋतुजानं. आठवीच्या सुट्टीत दादाची गाय अडली. डॉक्टरांनी दंडापर्यंत हात घालून वासरू फिरवलं, आणि शेजारी गरम पाण्याची बादली धरून उभी असलेल्या आमच्या पोरीनं त्यांना विचारलं, "याला काय शिकावं लागतं?"

बडोद्याला परतल्यावर तिनं वहीचं एक पान आमच्यापुढे ठेवलं. पशुवैद्यकीयला महाराष्ट्राच्या कोट्यातून अर्ज करायचा, तर दहावी-बारावी तिकडचीच हवी. म्हणून नववीपासून मामाकडे, मग भोरला अकरावी-बारावी, मग 'नीट'ची प्रवेशपरीक्षा. कुठला दाखला कधी काढायचा, तेही लिहिलेलं. तिचे बाबा ते पान दोनदा वाचून म्हणाले, "एवढा विचार तर मी नोकरी धरतानाही केला नव्हता."

दादा, तू फोनवर हसला होतास. "अगं, हितली लोकं पोरं पुण्याला धाडत्यात, आन् तू बडोद्यावरनं हितं आणतीस?"

पहिल्या सहामाहीत ती मराठीत जेमतेम पास झाली. तोवर सगळं इंग्रजीतून शिकलेली. शाळेत मुली तिच्या बोलण्याला हसायच्या. एका संध्याकाळी फोनवर रडत म्हणाली, "आई, मला घेऊन जा." मी तिकीट काढायला बसले, तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"वन्सं, तुमी येऊ नका. तुमी आलात तर ती तुमच्यासंगं जाईल. चार दिस थांबा, मी हाय की."

मी थांबले. आईपणातलं तेवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. वहिनी, तुम्ही रोज भाकऱ्या थापताना तिच्याकडून धडे मोठ्यानं वाचून घेतलेत. दहावीला मराठीतच तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले.

यंदा 'नीट' झाली. अर्ज तिनं स्वतः भरला. कागद सगळे तयार होते, धावपळ कसली ती नाही. परवा यादी लागली. ऋतुजाला प्रवेश मिळाला! फोनवर मागून दादाचा आवाज आला, "आमची डाक्टरीण झाली!"

अर्जात कायमचा पत्ता तिनं उत्रोलीचा लिहिलाय. मला विचारलंसुद्धा नाही. वाचून आधी मनाला लागलं, मग लई बरं वाटलं.

इथं कुणी गाव विचारलं की इतकी वर्षं मी "पुण्याजवळ" म्हणून मोकळी व्हायचे. काल शेजारणीनं विचारलं तेव्हा सांगितलं, "भोरजवळ उत्रोली. माझी मुलगी तिथली आहे."