चकतीची तक्रार नाही

नाव: सौ. उत्तरा हेरंब कर्णिक. वय: बावन्न पूर्ण. वास्तव्य: मुलुंड पूर्व, सहावा मजला, लिफ्ट चालू. व्यवसाय: अंधेरीच्या एका विमा कंपनीत साहाय्यक व्यवस्थापक. ओळखीची खूण: पाठीच्या खालच्या भागात, मधोमध, चार बोटांचा उभा व्रण. शस्त्रक्रिया: यशस्वी. सद्यस्थिती: समाधानकारक.

समाधान कुणाचं, याला डिस्चार्ज कार्डावर रकाना नसतो.

उत्तराची कंबर दुखायला लागली त्याला बरीच वर्षं झाली. ऑफिसात खुर्ची होती, तिथे निभावलं. जमिनीवर मांडी घालणं मात्र सुटलं, आणि नेमका यंदा सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाचा मान त्यांच्या घराकडे येत होता. सोसायटीत हा मान घरांच्या क्रमाने फिरतो. एकदा गेला की परत यायला नातवंडं व्हावी लागतात. दीड तास नवऱ्याशेजारी पाटावर बसता यावं, एवढ्यासाठी ती ऑपरेशनला तयार झाली. लोकांना कारण क्षुल्लक वाटलं. मांडी घालता येणाऱ्यांना ते वाटतंच.

उत्तराच्या माहेरची एक शिस्त होती. डॉक्टरकडे जायचं ते आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, आणि तिथे कण्हायचं नाही. म्हणून ती दर वेळी घरातून निघताना दुखण्याची गोळी घ्यायची. परक्या माणसासमोर चेहरा वाकडा नको. सर्जननी पाय उचलून पाहिला, इथे-तिथे दाबलं.

“दुखतंय?”

“नाही, आत्ता तसं ठीक आहे.”

बाहेर वीस पेशंट बसलेले. बाई काही सांगेना, तेव्हा सर्जननी एमआरआयला विचारलं, आणि तो भडाभडा बोलला. मणक्यांमधली चकती सरकली होती. पन्नाशीच्या माणसाला त्या मशीनमध्ये सरकवलं की बऱ्याचदा असं काहीतरी निघतंच. सोसायटीची मॅनेजिंग कमिटी घातली असती तर निम्मी कमिटी ऑपरेशनला पात्र ठरली असती, कुणाचं काही दुखत नसताना. उत्तराचं दुखत होतं, एवढाच पुरावा सर्जनना पुरला. दोन मणके स्क्रूंनी जखडले गेले.

जखम भरली. दुखणं होतं तिथेच होतं, जरा जास्तच.

“अगं, एक्स-रे बघ तरी,” हेरंब म्हणाला. “स्क्रू कसले सरळ बसलेत. आपल्या किचनच्या ट्रॉल्या तरी अशा बसल्यात का?”

“ट्रॉल्या दुखत नाहीत रे.”

“तू ना, मनावर घेतलंयस.”

सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, लिफ्टमध्ये भेटले. “वहिनी, दुखतंय म्हणता, आणि लिपस्टिक झकास लावलीय.”

“भाऊ, लिपस्टिक ओठांना लावते.”

दिवाळीनंतर ती अपूर्वाकडे व्यायामाला जाऊ लागली. अपूर्वा फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी उत्तराने गोळी घेतली नाही. फिजिओ म्हणजे काही डॉक्टर नव्हे, तिच्यासमोर कसलं व्यवस्थित दिसायचं. अपूर्वाने तिला कुशीवर वळवलं, कमरेचं हाड खाली दाबलं, आणि उत्तराने उशी दातांत धरली.

“काकू, हे चकतीचं दुखणं वाटत नाही. कण्याचं टोक कमरेच्या हाडाला जुळतं ना, तो सांधा आहे. ऑपरेशनच्या आधी कुणी असं दाबलं नव्हतं?”

“दाबलं होतं.”

“मग?”

“गोळी घेतली होती.”

अपूर्वाचा हात थांबला. “तपासायला जाताना?”

“मग काय, कण्हत जायचं?”

सांध्यात इंजेक्शन देऊन बघता येईल, असं अपूर्वा म्हणाली. थोडं बरं वाटेल, किती दिवस ते सांगता येत नाही. वरचे मणके जखडल्यापासून त्यांच्या वाटणीचा भारही याच सांध्यावर पडतोय.

उत्तरा परत सर्जनकडे गेली, आयुष्यात पहिल्यांदा गोळी न घेता, रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला दांडी घट्ट धरून. त्यांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला.

“मॅडम, आम्ही ऑपरेशन चकतीचं केलं. चकतीची काही तक्रार आहे का?”

तसं बघितलं तर नव्हती.

इंजेक्शनने नाताळ बरा गेला. जानेवारीच्या मध्याला ती घरी जमिनीवर बसून बघायला गेली, तर हेरंबने तिला काखेत हात घालून उठवलं. त्या दिवसापासून तो ट्रॉल्यांचं बोलला नाही, एवढीच कमाई. उत्तराने भाऊंना खुर्चीचं विचारलं.

“देव खाली चौरंगावर आणि यजमानीणबाई वर खुर्चीत? कसं दिसेल वहिनी? तुम्ही टेन्शन घेऊ नका ना, गुरुजींकडे सोय आहे.”

सोय जुनीच होती. बायको हजर नसेल तर पुरुषाने कमरेला सुपारी खोचावी आणि पूजेला बसावं. सुपारी बायकोच्या जागी चालते. सव्वीसला खाली पार्किंगमध्ये पूजा मांडली, हेरंब पाटावर बसला. गुरुजींनी त्याच्या सोवळ्यात सुपारी खोचली आणि संकल्प सांगितला.

सूचनाफलकावर ‘यजमान: श्री. व सौ. कर्णिक’ असं लिहिलं होतं. उत्तराने पूजा पार्किंगमधल्या खांबाला टेकून, उभ्याने पाहिली.