आत्याच्या विहिरीचा दोर

"माय गेली वो," आत्याचा मुलगा विलासभाऊ फोनवर म्हणाला. लगेच पुढे म्हणाला, "येतानी पाण्याच्या दोन कॅन घेऊन ये. आंघोळ घालाले पाणी नाई." गडचिरोलीच्या बसस्टँडवर त्या दोन निळ्या कॅन पायाशी ठेवून मी चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत होते. रडू येत नव्हतं, संताप येत होता. जिच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरायचं, तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी मी विकत घेऊन निघाले होते…

यशोदाबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरत, म्हणून माझं बरंचसं लहानपण आत्याकडे, खाणीला लागून असलेल्या तिच्या गावात गेलं. उरलेली पत्रकं ती चुलीसाठी ठेवायची. "तुह्या बापाचे शबुद लवकर पेटतात," म्हणायची, आणि वडीलही हसायचे. अंगणातली विहीर तिच्या सासऱ्यानं खोदलेली. त्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजते, म्हणून अर्ध्या गावातल्या बाया स्वयंपाकापुरतं पाणी न्यायला यायच्या. आत्या त्यांना काढण्याचे कष्ट पडू द्यायची नाही, स्वतःच ओढून द्यायची.

मग खाण खोल गेली आणि एका वैशाखात गावचा नाला वाहू लागला. उन्हाळ्यात ज्यात पोरं क्रिकेट खेळायची, तो नाला! बाया हरखल्या. आत्यानं पुढाकार घेतला, खण-नारळ घेऊन सगळ्याजणी काठावर गेल्या आणि त्यांनी नाल्याची ओटी भरली. "गंगा दारी आली वो," ती मला कौतुकानं सांगत होती. हे पाणी कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. आलेल्या पाण्याला गाव-पत्ता विचारायची आमच्याकडे रीत नाही, त्याला हळदकुंकू लावतात. खाणीच्या माणसांनी त्या ओटीचे फोटो काढले. पुढे ते त्यांच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेत छापून आले.

त्यानंतर विहीर उतरू लागली. आत्याचा दोर पुरेना. तिनं काथ्याच्या दोराला नायलॉनचा तुकडा जोडला, पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक, मग जुन्या लुगड्याची पिळून केलेली पट्टी. खाणीच्या खड्ड्यात चहूकडच्या जमिनीतलं पाणी झिरपतं आणि पंप ते उपसून नाल्यात सोडतात, हे विलासभाऊनंच तिला सांगितलं. तो तिथं डंपर चालवायचा. "म्हंजे नाल्यात माह्या हिरीचंच पानी वाहून राह्यलं," ती म्हणाली. "अन् मी त्याले कुंकू लावलं."

विलासभाऊला ती कधी बोलली नाही. मी बोलायचे, तेव्हा मलाच गप्प करायची. "त्याचं पोट खाणीत हाये, माही हीरबी खाणीत हाये. कोनाले काढू वो भाईर?" मी पत्रक लिहून नेलं, तर तिनं ते शेवटपर्यंत वाचायला लावलं. "चांगलं लिवलं. पानी कवा येते?"

खाण वाढवायची म्हणून गावात जनसुनावणी झाली. पडद्यावर आत्याचा फोटो आला, हातात नारळ, मागे भरला नाला. ती उठली. "तो फोटो काढून टाका साहेब. मी चुकली होती." खाणीचे साहेब अगदी मायेनं म्हणाले, "मावशी, फोटोत तर तुम्ही हसताय." मांडव हसला. आत्या खाली बसली… त्या दिवसापासून ती नाल्याकडे गेली नाही. विहीर आटल्यावर गावात टँकर येऊ लागला होता, त्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून तिनं डाळही सोडली. अंथरुणाला खिळली तेव्हा एकच सांगून ठेवलं, "मले हिरीच्या पान्यानं न्हाऊ घालजा. टँकरचं नोको."

मी कॅन घेऊन पोचले, तेव्हा विलासभाऊ विहिरीवर होता. दोर सगळा सोडलेला. बादलीत काळा गाळ आला होता, त्यात तिचा पदरसुद्धा भिजला नसता. आम्ही तिला कॅनच्या पाण्यानं आंघोळ घातली. टँकरचं नव्हतं, एवढंच तिचं ऐकलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. विलासभाऊ अंगणात बसून त्याच दोराला नवा तुकडा जोडत होता. "काऊन गा भाऊ?" मी विचारलं. "उन्हाळा लागला ना," तो म्हणाला. "माय जोडे." गाठ त्यानं दातांनी आवळली, आणि बादली आत सोडली. आम्ही दोघं कठड्याला टेकून ऐकत राहिलो. पुष्कळ वेळानं खाली ती दगडावर वाजली. मग घरामागून नाल्याचं खळखळणं ऐकू येत राहिलं.