आबांची छत्री, तातूंची कपबशी

संगीतकार म्हणून मला आयुष्यात एकदाच लपून बसावं लागलं, तेही स्वतःच्याच न्हाणीघरात, भर दुपारी.

आमच्या मालवणकडच्या गावात नुसत्या संगीतावर चूल पेटत नाही. भजनी मंडळांना चाली लावायच्या, काजूवाल्यांच्या जाहिराती गायच्या आणि निवडणूक आली की प्रचारगीतं करायची. यंदा सरपंचपदाला माझे सासरे आबा उभे राहिले. निशाणी छत्री. (गाणं बायकोने परस्पर कबूल केलं!) दुसऱ्याच दिवशी त्यांचे कट्टर विरोधक तातू दारात. निशाणी कपबशी. आबा मासेमारी होडीचे जुने तांडेल, ओरडले की खाडीपलीकडे ऐकू जातं. तातू त्यांच्याहून वरचढ. नाही म्हणायला जीभच रेटेना!

हातात दोन दिवस, डोक्यात चाल एकच. दोघांच्या प्रचाराच्या रिक्षा वेगवेगळ्या वाड्यांत फिरणार, कोणाला कळतंय? मी फक्त शब्द बदलले.

बाजाराच्या दिवशी दोन्ही रिक्षा तिठ्यावर समोरासमोर आल्या! इकडून 'आबांची छत्री, गावाला खात्री!', तिकडून 'तातूंची कपबशी, घरोघरी खुशी!' मी बांगडे घेत होतो. बघतो तर चालीच्या नादात आबा आपल्याच रिक्षातून हात जोडून, मान डोलवत, खड्या आवाजात गातायत, 'तातूंची कपबशी!'

बांगडे तिथेच टाकून घर गाठलं, न्हाणीघरात शिरून कडी लावली. पाठोपाठ दारापुढच्या खळ्यात दोघे हजर.

"सुमन, जावय खंय आसत?" आबा गरजले.

"माझी चाल चोरलीस तू!" तातू.

"तुझी? माझ्या जावयाची ती! चल पोलिसांत!"

"चल! तोच साक्ष देतलो!"

साक्षीदार मी! माझे गुडघे बादलीवर वाजायला लागले. (ठेका तोच!)

दाराच्या फटीतून मी बायकोला कुजबुजलो, "सुमन, मी घरात नाय म्हणून सांग!"

ती मोठ्याने म्हणाली, "आबा, ते म्हणतत ते घरात नायत!"

कडी काढली. बाहेर येऊन सगळं कबूल केलं.

"माझ्या तोंडात तातूचा नाव घातलात?" आबांचा आवाज चिरकला. मग दोघांनी एकजुटीने मला सोललं. वीस वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं!

निवडून आल्या तिसऱ्या उमेदवार, निवृत्त शिक्षिका रोझीबाई. त्या गाणंबिणं न लावता पायी घरोघर फिरल्या होत्या. लोक म्हणाले, "बायन आमचे कान तरी शाबूत ठेवल्यान!"

माझ्या संगीतामुळे निवडून आलेल्या त्या एकमेव उमेदवार. माझ्याकडून गाणं न घेतलेल्याही त्याच!