डाव्या दारापाशी

समुद्र मी आजवर एकदाच पाहिला आहे, आणि बोटीतून उतरायच्या सकाळी तर भलत्याच बाजूने पाहिला. त्यात समुद्राचा काही दोष नव्हता. दोष ज्यांचा होता ते आमचे नागरिकशास्त्राचे सर आजही वर्गात शिस्तीवर बोलतात, आणि मी दुसऱ्या बाकावर बसून ते वहीत लिहून घेतो.

कॉलेज आमच्या जिल्ह्याच्या गावी नुकतंच निघालं होतं. राज्य नवं, कॉलेज नवं, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझं गाव जानेफळच्या पलीकडे. तिथून बुलढाण्याला रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. पहिली सहामाही मी आमच्याच गावच्या एका शिंपीचाचांकडे काढली. त्यांचं बुलढाण्यात दुकान होतं. दुकान बंद झालं की मशीन भिंतीकडे सरकवून ते मला अंथरुणापुरती जागा करून देत. पण दिवाळीनंतर ते दुकान आवरून मुलाकडे अकोल्याला जाणार होते. म्हणजे वसतिगृहात फुकट जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर घरी जाऊन वखर धरायचा. जागा एकच रिकामी होती आणि अर्ज तिघांचे होते. सुट्टी संपल्यावर सोमवारी सकाळी दहाला कमिटी बसेल, जो हजर नसेल त्याचं नाव खोडलं जाईल, असं पत्र आलं होतं. कमिटीत तिघे जण, त्यातले एक आमचे सर.

त्याच सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सहल काढली. जाताना मुंबई, मग गोवा, आणि येताना पणजीहून मुंबईपर्यंत बोट. सामान सांभाळायला एक मुलगा फुकट न्यायचा होता. सरांनी मला बोलावलं.

"तू गरीब आहेस, प्रामाणिक आहेस," ते म्हणाले. "रविवारी सकाळी बोट मुंबईला लागते. आठची गाडी धरायची, रात्री मलकापूर. सोमवारी दहाला आपण दोघंही कमिटीत. मी आहे ना!"

हे "मी आहे ना" मी फार मनावर घेतलं. तेव्हा मोठी माणसं बोलतात ते तसंच्या तसं घडतं, असं मला वाटायचं.

पणजीला आम्ही बोटीच्या डाव्या दाराने चढलो. खालच्या डेकवर सतरंज्या अंथरल्या. सगळीकडे कोकणातली माणसं, करंड्या, वळकट्या, नारळ. वरच्या वर्गात एक पुण्याचं जोडपं होतं. ते गृहस्थ पाय मोकळे करायला खाली आले आणि सरांशी बोलू लागले. त्या क्षणापासून सर बदलले. आमचे सर बुलढाण्याजवळच्या धाड गावचे. धाडच्या आठवडी बाजारात त्यांच्या वडिलांचं मिरचीचं दुकान लागायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यात लाजण्यासारखं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. पण गृहस्थांनी "आपण कुठले?" असं विचारल्यावर सर म्हणाले, "तसे आम्ही मूळचे देशावरचेच. नोकरीनिमित्त तिकडे असतो." तिकडे! जणू बुलढाणा म्हणजे काळ्या पाण्यावरची बेटं.

गृहस्थ वर गेल्यावर सरांनी आम्हाला गोळा केलं. "हे बघा, या लोकांसमोर मले-तुले करायचं नाही. काऊन, बे, काही नाही. बोलता येत नसेल तर गप्प बसायचं. आणि शिस्त पाळायची. बोट म्हणजे एस. टी. नव्हे."

आमच्यात जळगाव जामोदचा एक पोरगा होता, व्यापाऱ्याचा. जीभ त्याच्या ताब्यात कधीच नसायची. तो माझ्या कानाशी म्हणाला, "म्हणजे आता उद्यालोक मुकेच राह्याचं काय बे? भूक लागली तं?"

"हात करजो," मी म्हणालो.

संध्याकाळी मी सामानापाशी बसलो होतो. एक म्हातारा खलाशी दोरखंड गुंडाळत माझ्याजवळ आला. आमचा डाव्या दाराजवळचा ढीग बघून हसला. "मुंबैत उतरूचा मा? मग ह्या बाजूक कशाक? उद्या बोट त्या अंगाक लागतली." आणि त्याने बोटीच्या पलीकडच्या, उजव्या दाराकडे मान हलवली. मला त्याचे सगळे शब्द कळले नाहीत, पण मान कळली.

मी उठलो आणि सरांकडे गेलो. सर त्या पुण्याच्या गृहस्थांबरोबर कठड्याशी उभे होते. नागरिकांची कर्तव्ये हा विषय चालला होता. मी थोडा वेळ बाजूला थांबलो, मग घाबरत म्हणालो, "सर, थो खलाशी सांगून राह्यला का बोट उद्या त्या बाजूनं..."

सरांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या पायावर पाय दिला. "सांगून राह्यला? हे काय बोलणं आहे? नीट वाक्य बोल." मग गृहस्थांकडे वळून हसत म्हणाले, "खेड्यातली मुलं. हळूहळू सुधारतील."

मी नीट वाक्य जुळवायला लागलो. मला ते जुळलं नाही. तोवर विषय पुन्हा कर्तव्यांवर गेला होता, आणि मी परत येऊन ढिगाऱ्यावर बसलो. खरं तर मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. सोमवारची जागा माझी जायची होती, सरांची नव्हे.

पहाटे साडेचारला सरांनी सगळ्यांना उठवलं. आणि मग जे झालं ते आमच्या बसस्टँडवर रोज होतं तेच. आमच्याकडे बस लागायच्या आधी लोक खिडकीतून टॉवेल टाकतात, आणि उतरायच्या गावाच्या दोन कोस आधी बोचकं घेऊन दाराशी उभे राहतात. मागचा कितीही ओरडला तरी हलत नाहीत. बोट म्हणजे एस. टी. नव्हे असं सांगणाऱ्या सरांनी ट्रंका, वळकट्या, पाण्याची पिंपं सगळं डाव्या दाराला भिडवून रचायला लावलं. बाजूने दोन धोतरं बांधून कुंपण केलं. मग हजेरीच्या क्रमाने आम्हाला उभं केलं, सर सगळ्यात पुढे, दाराच्या कडीवर हात ठेवून. बसचं दार डावीकडे असतं, म्हणून जगातलं प्रत्येक दार डावीकडे. चढलो तिथूनच उतरायचं. यापलीकडे त्यांच्या एम. ए.ला काही सुचलं नाही.

"सर, रुमाल टाकू काय?" जळगाव जामोदचा म्हणाला.

"शांतता!"

कोकणातली माणसं आरामात उठत होती. कोणी चूळ भरत होतं, कोणी चहा घेत होतं. मग एकेक जण आपली करंडी उचलून उजवीकडे जाऊन बसू लागला. एक म्हातारी डोक्यावर करंडी घेऊन आमच्या कुंपणापाशी थांबली, आमच्या रांगेकडे बघून वळली आणि पलीकडे गेली.

"बघा," सर म्हणाले. "काही घाई नाही, काही नियोजन नाही. म्हणून हे लोक मागे राहतात."

मी रांगेत शेवटचा होतो. मान वळवली की उजवं दार दिसत होतं, आणि तिथली गर्दी. मी पुन्हा एकदा म्हणालो, "सर, ते सगळे लोक तिकडे का जात आहेत?" या वेळी वाक्य नीट होतं.

"जाऊ दे. आपली जागा सोडायची नाही."

उजाडलं. धुक्यात मुंबई दिसू लागली. बोट हळूहळू वळली. आमच्या बाजूला शेवटी उरलं ते नुसतं पाणी, आणि एका मचव्यावर जाळं झटकणारा एक माणूस. तो आमच्याकडे बघत राहिला. आम्ही तीसेक जण, उरलेली बोचकी कडेवर घेऊन, त्याच्याकडे तोंड करून शिस्तीत उभे. मागून धाडकन फळी पडल्याचा आवाज आला, हमाल ओरडू लागले, आणि सगळी बोट आमच्या पाठीमागून उतरायला लागली.

सर दोन क्षण कडी धरून पाण्याकडे बघत राहिले. मग वळले आणि बोटभर ऐकू जाईल असे ओरडले, "अबे पोट्टेहो, काऊन उभे राह्यले बे इथं? पळा ना तिकडं! माहा बाप उतरवीन काय तुमाले?"

ते पुण्याचे गृहस्थ वरच्या जिन्यातून उतरत होते. ते थांबले, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "अच्छा. आत्ता कळलं आपण कुठले ते."

मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी सर मला पहिल्यांदा आपले वाटले. पण त्यांना ते फार लागलं असावं. त्यांनी लगेच तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा आवाज पुस्तकातलाच होता.

आमचंच कुंपण, आमच्याच गाठी. धोतरं सुटेनात. पिंप घरंगळलं. सर्वांत आधी दाराशी उभे राहिलेले आम्ही सर्वांत शेवटी धक्क्यावर उतरलो. ती करंडीवाली म्हातारी तोवर बाहेर कुणाच्या तरी गाड्यावर बसून निघाली होती. बोरीबंदरला पोचलो तेव्हा आठची गाडी गेलेली होती. संध्याकाळची मिळाली. मी सबंध दिवस फलाटावर सामानावर बसून सोमवारचे तास मोजत होतो. सर पेपर वाचत होते.

"सर, उद्या दहाला..." मी एकदा म्हणालो.

"मी आहे ना," ते पेपरच्या आडून म्हणाले.

मलकापूरला सकाळ झाली. पहिली बस भरून गेली होती. दुसऱ्या बसने घाट चढून कॉलेजात पोचेपर्यंत साडेअकरा झाले. सर आणि मी एकत्रच कमिटीच्या खोलीत शिरलो. सरांशिवाय काम सुरू होऊ शकलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बाकीचे दोन अर्जदार दहापासून बसलेले. त्यातला एक सरांच्याच धाडकडचा, केसांना तेल लावून, नवा सदरा घालून.

अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे बागायतदार. ते तापलेले होते. "काऊन हो सर, दहाचा टाइम तुमीच देल्ला ना? आमी काय दीड घंटा भिंती पाहून राह्यलो इथं?"

सरांनी एक क्षणही घेतला नाही. "काय सांगू साहेब. बोटीवर सामान या मुलाच्या ताब्यात होतं. यानं ते भलत्याच दाराशी नेऊन रचलं. उतरायला उशीर, गाडी चुकली. खेड्यातला आहे, बोट कधी पाहिलेली नाही. पण मुलगा गरजू आहे. माझं मत याच्या बाजूनं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय काय रे?"

माझ्याजवळ खरं होतं. खलाशाची मान, कुंपण, कडीवरचा हात, सगळं. नीट वाक्यही या वेळी जुळून आलं होतं. आणि जागा सरांच्या मतावर टांगलेली होती.

"हाव जी," मी म्हणालो. "माहीच चूक झाली."

"कबूल तं करते," अध्यक्ष म्हणाले. "खोटारडा नाही पोरगा."

मला जागा मिळाली. बाहेर आल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. धाडकडचा तो मुलगा पत्र घडी करून खिशात ठेवत होता. नंतर तो मला कॉलेजात दिसला नाही. मी चौकशीही केली नाही, कारण काय ऐकायला मिळेल ते मला माहीत होतं. जळगाव जामोदच्याला सगळं सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही. एवढंच म्हणाला, "अबे, तू तं बोटीपक्षा लवकर वळला."

सरांची टर उडवणं सोपं आहे, आणि मी ती वर मनसोक्त उडवली आहे. पण ते निदान चुकून भलत्या बाजूला उभे राहिले. मी बाजू माहीत असून उभा राहिलो, एकदा बोटीवर आणि एकदा कमिटीपुढे.

आता माझं शेवटचं वर्ष. जागा दर दिवाळीनंतर सरांच्या सहीने पुढे चालू होते. परवा त्यांनी वर्गात सांगितलं की यंदा पुन्हा बोटीची सहल आहे. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सामान याच्याकडे. याला मागचा अनुभव आहे. या वेळी दार नीट बघून ठेव हं!" वर्ग हसला.

मी उभा राहिलो. "सर, मले जमत नाही. आन् त्या टाइमले सामान तुमीच त्या दाराशी ठेवाले लावलं होतं. मी तुमाले सांगतलं होतं."

सर म्हणाले, "नीट बोल."

"नीटच बोलून राह्यलो, सर."

दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत. मी ट्रंक आवरून ठेवली आहे.