मिस व्हर्ना आणि रविवारची बस

आमच्या वॉर्ड ऑफिसात दोन गोष्टी साचतात. बर्फ आणि किस्से. बर्फ उचलायला सिटीची गाडी कधी ना कधी येते. किस्से उचलायला कोणीच येत नाही, म्हणून म्हटलं, थोडे आपणच बाहेर काढून टाकावेत.

ऑफिस कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पूर्व टोकाला, एका लाँड्रीच्या शेजारी. नगरसेविका मिस व्हर्ना. मूळच्या ग्रेनाडाच्या, म्हणजे नकाशात बोटाने शोधावं लागतं अशा एका कॅरिबियन बेटावरच्या. इथे आयुष्यभर नर्स होत्या, रिटायर झाल्यावर निवडणूक लढल्या. नुसतं 'व्हर्ना' म्हटलेलं त्यांना चालत नाही, 'मॅडम'ही नाही. मिस व्हर्ना. मी त्यांचा असिस्टंट. सातवीत असताना नाशिकहून उचलून इकडे आणलेला, आणि कॅनडातल्याच लंडन नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीतलं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलेला. 

इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी म्हटलं, प्रोफेसर स्लाइड्स वाचून दाखवायचे. मला वाचता येतं.

"सिटीच्या मीटिंगमध्येही तेच करतात," त्या म्हणाल्या. "तिथून पळालास तर मात्र बघ."

झाला इंटरव्ह्यू.

*

ग्रेनाडात एक पद्धत आहे. खोलीत शिरलं की आधी आत असतील त्या सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. ओळख असो नसो. न म्हणता बोलायला लागलेला माणूस त्यांच्या लेखी दारात उभाच असतो, आत आलेलाच नसतो.

एकदा देवस्थळी काका आले. काका म्हणजे स्टील कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर, मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि दुर्दैवाने माझ्या बाबांचे मित्र. दार उघडल्या उघडल्या त्यांनी सुरू केलं, की आमच्या रस्त्यावरचा बर्फ दोन दिवस तसाच पडलाय, आम्ही टॅक्स कशाला भरतो?

"गुड मॉर्निंग," मिस व्हर्ना म्हणाल्या.

काकांना वाटलं बाई विषय टाळतायत. त्यांनी आवाज चढवला आणि बर्फ पहिल्यापासून सांगितला.

"गुड मॉर्निंग."

शेवटी मीच हळूच म्हटलं, काका, आधी गुड मॉर्निंग म्हणा. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू इथे काय करतोयस? तुझं इंजिनिअरिंगचं काय झालं?"

मिस व्हर्नांनी मला विचारलं, "म्हणाले का ते गुड मॉर्निंग?"

मी म्हटलं, नाही, त्याच्याऐवजी माझा अपमान केलाय.

*

आमच्या वॉर्डातल्या पार्कमधली वॉशरूम हिवाळाभर कुलूपबंद असायची. पाइप गोठतात, हे सिटीचं उत्तर. दरवर्षी तेच. तिथे म्हातारी माणसं फिरायला येतात, आया लहान मुलांना घेऊन बर्फावरून घसरायला, स्लेडिंगला येतात, त्यांनी काय करायचं याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

मिस व्हर्नांनी ईमेल केला नाही. पार्क खात्याच्या साहेबांना त्या म्हणाल्या, या की एकदा, बरोबर चक्कर मारू. सोबत मोठा फ्लास्क आणला, त्यात त्यांच्या बेटावरचा कोको टी. दालचिनी, जायफळ घातलेला, गरमागरम. साहेबांनी एक कप घेतला. त्यांनी दुसरा भरला. साहेब नको म्हणाले, तर आईची रेसिपी आहे म्हणाल्या. मग पार्कची एक फेरी. मग दुसरी. प्रत्येक झाडापाशी थांबून त्या हॉस्पिटलातली एकेक गोष्ट सांगत होत्या, आणि सगळ्या गोष्टी लांबलचक.

दुसऱ्या फेरीत साहेबांची चाल बदलली. शेवटी त्यांनी विचारलं, इथे जवळपास वॉशरूम कुठे आहे?

"तुम्ही कुलूप लावून गेलात, तिथेच आहे," मिस व्हर्ना म्हणाल्या.

आता ती वॉशरूम हिवाळ्यातही उघडी असते. हीटर बसवलाय. कॉलेजात राहिलो असतो तर हे मला कोणी शिकवलं असतं?

*

मंडळाच्या दिवाळीला त्यांना बोलावलं होतं. आमच्या दिवाळीत फराळापेक्षा भाषणं जास्त असतात. ती सगळी झाल्यावर काकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. मिस व्हर्नांनी नारळ कानाशी नेला, हलवला, पुन्हा हलवला.

"यात पाणी नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "दुकानदाराने तुम्हाला फसवलंय. माझ्याबरोबर चला, मी बोलते त्याच्याशी."

आभारप्रदर्शन त्यानंतर फार थोडक्यात झालं.

*

आता बसचं सांगतो.

एका सोमवारी पल्लवी ऑफिसात आली. सांगलीची, कॉलेजात शिकते, वीकेंडला वॉर्डाच्या टोकाच्या वेअरहाउसमध्ये पॅकिंग करते. आधी नीट गुड मॉर्निंग म्हणाली. मग म्हणाली, वेअरहाउसची बस रविवारी नसते, त्यामुळे दुसऱ्या बसच्या शेवटच्या स्टॉपपासून चालत जावं लागतं. फुटपाथ नाही. बर्फाचे ढीग असले की रस्त्यावरूनच. आणि तिने जॅकेटची बाही दाखवली, कोपरापासून फाटलेली. ट्रकचा आरसा लागला होता. "हात वाचला," ती म्हणाली, बस चुकली असं सांगावं तसं.

घरी सांगितलंस का, मी विचारलं. तर म्हणाली, आईला सांगितलं तर ती म्हणेल परत ये.

पुढच्या रविवारी मिस व्हर्ना तिच्याबरोबर चालत गेल्या. मीही. त्यांचं वय सत्तरीच्या घरात, गुडघे दुखतात, पायात बर्फाचे बूट. एक ट्रक हॉर्न देत इतक्या जवळून गेला, की त्यांची टोपी उडून बर्फात पडली. त्यांनी ती उचलली, झटकली, डोक्यावर घातली.

"तू नेहमी चिडलेला असतोस," त्या मला म्हणाल्या. "आज मीही आहे. आता काहीतरी होईल."

*

रविवारची बस शेवटच्या स्टॉपपासून पुढे वेअरहाउसपर्यंत न्यायची, तर ती देवस्थळी काकांच्या रस्त्यावरून न्यावी लागणार होती. झालं! सगळे रिटायर्ड काका खवळले. बस आली की बाहेरचे लोक येतात, म्हणे. मी मंडळाच्या पार्किंगमध्ये काकांना विचारलं, तुम्ही इथे आलात तेव्हा कुठले होतात?

ही पिढी एका बेसमेंटमध्ये पाचजण राहायची, हे दर दिवाळीला ऐकवते. आज तीच बेसमेंटं पल्लवीसारख्या मुलींना भाड्याने देते, आणि त्या मुली बसने घरी आल्या तर वस्ती बिघडते. घरी बाबा म्हणाले, मोठ्यांशी असं बोलतात का? मी म्हटलं, लहानांशी असं वागतात का?

दुसऱ्या दिवशी मिस व्हर्नांनीही झापलं. बोललास ते बरोबर, पण पार्किंगमध्ये का बोललास? "गुरुवारी सभा आहे. तिथे माइक असतो, आणि बोललेलं लिहून घ्यायला माणूस बसलेला असतो. राग तिथे आणायचा."

*

बस सुरू झाली, हे आधीच सांगून टाकतो. पल्लवी दर रविवारी तिच्यात बसते, नवीन जॅकेट घालून. पण त्या गुरुवारी तसं काही दिसत नव्हतं. कम्युनिटी सेंटरचा हॉल भरलेला, आणि बहुतेक डोकी पांढरी. पल्लवी बोलली, मी बोललो. लोक घड्याळाकडे बघत होते.

मग देवस्थळी काका सूट घालून माइकवर आले. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या वतीने मी बोलतोय, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे कोणालाही बस नको आहे. गरजच नाही. प्रत्येक घरात दोन दोन गाड्या आहेत.

टाळ्या पडल्या. मिस व्हर्नांनी त्या संपू दिल्या.

"दोन गाड्या," त्या म्हणाल्या. "आणि चालवणारे किती?"

काकांना प्रश्न कळला नाही. दुसऱ्या रांगेत देवस्थळी काकू बसल्या होत्या. काकू गाडी चालवत नाहीत. देवळात, ग्रोसरीला, लेकीकडे, सगळीकडे काका सोडतात, बाहेर गाडीत बसून राहतात आणि घेऊन येतात. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आय वॉन्ट द बस."

काका माइक तोंडासमोर आहे हे विसरले आणि मराठीत म्हणाले, "अगं, रविवारी तुला जायचंय तरी कुठे? मी सोडतो ना!"

काकूंना माइक लागला नाही.

"ते मी बसमध्ये बसल्यावर ठरवीन."