आबांची आघाडी

आमच्या गावात 'आघाडी' या शब्दाचा अर्थ मी बिघडवला.

लढाईच्या दिवसांत कराडजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. मीही छाती फुगवून भरती झालो आणि पुण्याच्या छावणीत लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, कांदे चिरायला बसलो. हे घरी कसं लिहायचं? म्हणून लिहिलं, 'ठिकाण कळवायची परवानगी नाही.' (असा हुकूम समुद्रापार गेलेल्यांना होता. मी पुण्यापुढं पाऊल टाकलं नव्हतं.)

ते पत्र मास्तरांनी चावडीत वाचलं. "ठिकाण सांगत न्हाईत म्हंजे आघाडी. दुश्मनाच्या अगदी म्होरं," त्यांनी अर्थ लावला. आमचे वडील, आबा, तोवर चावडीत दारापाशी चपलांशेजारी बसत. पाटलांनी त्यांना हात धरून आपल्या तक्क्याशी नेलं. आईनं हे मास्तरांकरवी मला अभिमानानं कळवलं. मी खुलासा करणारच होतो, पण पुढच्या पत्रात तोफांचा आवाज घातला. (तो पातेल्यांचा होता.)

एके दिवशी आबा लाडवांचा डबा घेऊन छावणीच्या फाटकावर हजर. "ह्यो आघाडीवर धाडायचा हाय," त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं. त्या भल्या माणसानं त्यांना चहाला थेट लंगरात पाठवलं.

मी कांद्यांच्या ढिगामागं होतो. लपण्याइतका ढीग मोठा नव्हता.

"आघाडी हीच व्हय?" आबांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"किती मानसं जेवत्यात?"

"तीनशे."

त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला, बाकीचे जवानांना वाटले आणि परतीची गाडी गाठली. आता चावडीत त्यांची जागा पुन्हा चपलांपाशी, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

रजेवर गेलो तो चोरासारखा. चावडीत मीच गुपचूप चपलांशेजारी बसलो. पण आबा तक्क्याला टेकून होते.

"आबा, पोरगं कुठं लढतंय, आता तरी सांगा की," पाटील म्हणाले.

"परवानगी न्हाई, पाटील," आबा ताठ बसून म्हणाले. "पर तीनशे गड्यांचा जीव तेच्या हातात हाय."

पाटलांनी मला पुढं बोलावून आबांशेजारी बसवलं. आबांनी पाठीवर हात ठेवला आणि माझे डोळे घळाघळा वाहू लागले. "आघाडी आठवली त्याला," मास्तर हळूच म्हणाले.

खरं तर पलटणीत गेल्यापासून कांद्याशिवाय रडण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.